हातचे नऊ

अँब्युलन्सच्या बोनेटवर तू दोन्ही पत्रं पसरलीस.
इंजिनाची ऊब आहे तोवर वाचून घेऊ, म्हणालीस.
पलीकडे सुपीरियर सरोवर गोठता गोठता कण्हत होतं
आणि रेडिओवर कुणीतरी
हरवलेल्या कुत्र्याचं वर्णन सांगत होतं.

पहिलं शिकागोचं. जाड कागद, उठावाचा शिक्का,
सत्तावीस महिने, स्वतःची शवविच्छेदनशाळा,
आणि ठळक अक्षरांत: अठ्ठ्याण्णव टक्के उत्तीर्ण.
दुसरं अलीकडच्याच एका गावाचं,
मान्यता अजून तात्पुरती,
वर्ग भरतात ते शाळेच्या जुन्या जिममध्ये,
फरशीवर बास्केटबॉलच्या रेषा तशाच.
दोन्हीकडे हजार डॉलर आगाऊ, परत न मिळणारे,
शुक्रवारपर्यंत.

"साइमा, यात विचार कसला?" मी म्हटलं,
"नवी विहीर. पाणी लागेल, न लागेल."
तू कानामागची पेन्सिल काढलीस.
अकरा वर्षं लोकांचे रक्तदाब
हातमोज्याच्या पाठीवर लिहीत आलीस तू,
आकडा दिसला की कुठून आला, विचारतेसच.

शिकागोचा आवाज गोड होता.
घेतले किती? पन्नास.
परीक्षेला बसले? एक्केचाळीस.
पास? चाळीस.
"मग हातचे नऊ कुठे मांडले तुम्ही?"
वैयक्तिक कारणं, तो आवाज म्हणाला, आणि शुभेच्छा दिल्या.

तेवढ्यात कॉल आला.
लाकूडतोड्या, करवत मांडीत.
दवाखान्यात रुडी पेल्टोनेन हात धुऊन उभा,
बहात्तर वर्षांचा, पूर्वी नौदलात होता.
जखमी माणूस त्याला डॉक्टर, डॉक्टर म्हणत राहिला.
"डॉक्टर एकशे दहा मैलांवर आहेत," रुडी म्हणाला,
"मी असिस्टंट. मी इथे आहे. हलू नकोस."
सव्वीस टाके. मध्येच तू विचारलंस,
कॉलेज कसं निवडलंत?
"बसभाडं परवडत होतं म्हणून.
आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे.
टाके काही उसवले नाहीत अजून.
कात्री दे."

परतताना तू दुसरा नंबर लावलास.
बाईंनी स्वतःच उचलला, तोंडात घास होता.
घेतले बावीस. बसले वीस.
पहिल्या फटक्यात पास सोळा.
सोळा! मी स्टिअरिंगवरून हात उचलून
हवेत शून्य काढलं.
तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस.
"आणि ते दोघं?"

घास गिळल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.
"मार्टेनची आई अंथरुणाला खिळली. तो परत येईल, बहुतेक.
डेल्फीन मात्र...
ती मागच्या बाकावर सरकत गेली,
ऑक्टोबरमध्येच दिसायला हवं होतं आम्हाला.
आम्ही मार्च उजाडू दिला."

तू फोन ठेवलास. नकाशातल्यासारखा सरळ रस्ता,
दोन्हीकडे बर्फाच्या भिंती, मैलभर कुणी बोललं नाही.
मला म्हणायचं होतं, नुसतं खरं बोलल्यानं
परीक्षा पास होता येत नाही.
म्हणायचं होतं, सोळा म्हणजे सोळाच.
आणि हेही,
की ओहायोतल्या एका कॉलेजात, एका फेब्रुवारीत,
मी खोलीची किल्ली टेबलावर ठेवून निघालो
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.
माझ्या वर्षाचा निकाल शंभर टक्के लागला.
आजही त्यांच्या भिंतीवर असेल.

शुक्रवारी पोस्टाच्या दारात तू चेक लिहिलास,
गुडघ्यावर, बोटं गारठलेली,
जिमच्या गावाच्या नावाचं स्पेलिंग मला विचारलंस.
शिकागोचा जाड कागद गाडीतच राहिला.
त्याच्या पाठीवर लाकूडतोड्याची नाडी आहे,
एकशे अठरा, मग एकशे चार, मग ब्याण्णव,
तुझ्या घाईच्या अक्षरात.

"चूक केली का रे मी?"
माहीत नाही, मी म्हटलं.
ऑक्टोबरमध्ये फोन करत जाईन.
तू हसलीस, ऑक्टोबरच का म्हणून.
मी वायपर चालू केले.